शेवटची ओळ, पुढचं पान

छापखान्यात तिला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंतीचा बाक दाखवणारा गवंड्याचा ओळंबा असतो ना, तशी तिची नजर. ओळ केसभर सरकली तरी तिला खुपायची. पुस्तकांची पानं संगणकावर लावण्याचं काम ती लग्नाआधीपासून करत होती. अलीकडे त्याच धंद्यातल्या लोकांसाठी एक पत्रिकाही काढायची. कुठली कळ दाबली की काय होतं, कुठला फॉन्ट ऐनवेळी दगा देतो, सॉफ्टवेअरमध्ये नवीन काय आलं, असलं सगळं त्यात असायचं.

या खेपेला आलं ते भलतंच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती म्हणे पानं आपोआप लावणार. वाचकांचे फोनवर फोन. "ताई, घ्यायची का? की आपण आता घरी बसायचं?" चहा निवून जायचा. खुर्ची टोचायची, उठून खिडकीशी जायची, परत यायची. शेवटी म्हणाली, करूनच बघू.

हाताशी सिस्टरांचं पुस्तक होतं. जन्मभर वॉर्डात राबून निवृत्त झालेल्या त्या बाईंनी घरच्या आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी हे लिहिलं होतं. ओळंबानं लावलेली पानं तयारच होती. तीच फाइल नव्या आवृत्तीत उघडून तिनं बटण दाबलं. मजकूर सरसर सरकला, मोकळ्या जागा मिटल्या, पुस्तक कसं आटोपशीर झालं. वरवर चाळलं तर खोट काढायला जागा नाही. ती जरा खट्टू झाली, जरा हरखलीही. छापखाना दिराचा, आणि त्याचा तगादा चालूच होता. फाइल पाठवून ती पत्रिकेला बसली आणि लिहिलं, "बिनधास्त घ्या."

पण जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी भाजी चिरता चिरता ती ओट्यावरच घरी छापून घेतलेली नवी पानं उलटू लागली. एका पानाच्या तळाशी होतं, "साखर मोजून ठरलेलं इन्सुलिन द्यावं." पान संपलं. पुढच्या पानावर, "मात्र रोगी जेवत नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये."

ही दोन वाक्यं तिनं एकाच पानावर एकत्र बांधून ठेवली होती. बटणानं ती गाठ सोडली होती.

दीर फोन उचलेना. तशीच ओल्या हातानं निघाली. छापखान्यात पोचली तेव्हा यंत्र धडधडत होतं.

"भाऊजी, थांबवा! एक ओळ पुढच्या पानावर गेलीय!"

"अर्धं छापून झालंय, वहिनी. एक ओळ तिकडे गेली तर काय आभाळ कोसळलं?"

तिनं पान त्याच्यापुढे धरलं. "आपल्या आई पलंगावर आहेत असं समजा. ताट तसंच परत आलंय. तुमच्या हातात सुई आहे. तेव्हा पान उलटाल?"

त्याची आई शेवटी शेवटी ताट बघून तोंड फिरवायची. त्यानं हात वर केला. यंत्र थांबलं. छापलेले कागद रद्दीत गेले, आणि पुढे कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

सिस्टरांना तिनं फोनवर आडपडदा न ठेवता सांगितलं.

"आणखी कुठे?" सिस्टरांनी विचारलं.

त्या लगोलग आल्या. दोघींनी मिळून पुस्तक पहिल्यापासून वाचून काढलं. तशीच आणखी दोन ठिकाणं सापडली. मग मात्र पुस्तक नीट निघालं. पत्रिकेतलं "बिनधास्त" तिनं खोडलं. त्या जागी लिहिलं, "घ्या. पण पानाची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली एका दमात वाचा. कामात असलेला माणूस पान उलटत नाही."

वाचकांना ते पटलं. तिची तगमग मात्र गेली नाही. आजवर आपण लावलेली पानं किती घरांत असतील! त्यातली एखादी गाठ आपल्याच नजरेतून सुटली असेल तर? ती वाचनालयात गेली, आपल्या हाताखालून गेलेली पुस्तकं कपाटातून काढून टेबलावर रचली, आणि एकेका पानाचा तळ वाचू लागली. नवरा न्यायला आला. "अगं, चल आता," म्हणाला.

"आलेच," ती म्हणाली, आणि पुढचं पुस्तक ओढलं.