मिस्त्रींचा कान

मिस्त्री फक्त गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. तो असतो कुठे, असं कुणी विचारलं की त्यांची कळी खुलायची. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या गाडीत इंजिनाच्या मागे, पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, पायाखालच्या पत्र्याखाली. हल्लीच्या छोट्या गाडीत बॉनेटखालीच, इंजिनाला खेटून. "इंजिन नुसतं बोंबलतं हो," ते सांगायचे. "त्याचा जोर चाकांपर्यंत पोचवतो हा. चढाला वेग कमी करून ताकद देतो, सपाटीला ताकद आवरून वेग देतो."

बिघाड ते कानाने ओळखत, आणि अलीकडे कानांनीच दगा दिला होता. हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं, बायकोला तर नाहीच. ती शेजारच्या खोलीत कपडे शिवायची. मध्ये फक्त पत्र्याची भिंत.

अशात शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आला. "काका, गाडी घूं घूं करतेय." मिस्त्रींनी एक चक्कर मारली, सगळं ऐकल्यासारखी मान डोलावली आणि गिअरबॉक्स उतरवला. खपून खपून उघडला, तर आत दात न् दात ठणठणीत! शेवटी दुसऱ्या गॅरेजात कळलं की आवाज चाकाच्या बेअरिंगचा होता. "होतं काका असं," ड्रायव्हर म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. पोरांची गाडी, उद्या आपल्या चुकीने काही झालं तर? मिस्त्रींनी भरदुपारी शटर ओढायला घेतलं, कायमचं.

गळ्यात टेप अडकवून बायको बाहेर आली. "काय चाललंय?"

"कान गेले माझे," ते कसंबसं म्हणाले.

"मग मी इतके दिवस हौस म्हणून घसा फोडतेय? आणि व्हॅन आली तेव्हाच ओरडून सांगितलं होतं, चाकाचा आवाज आहे म्हणून. तुम्ही 'हो हो' म्हणालात आणि गिअरबॉक्स उतरवलात!"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"गिअर बदलला तरी आवाज तसाच होता. गिअरबॉक्सचा असता तर बदलला असता. इतकी वर्षं हेच तर ऐकतेय भिंतीपलीकडून. तिकडे दुसरं करमणुकीला आहे काय?"

मिस्त्रींनी शटर वर ढकललं.

पुढची टॅक्सी आली तेव्हा ते चालवायला बसले आणि ती शेजारी. पहिला, दुसरा गिअर गेला. तिसरा पडताच तिने तीन बोटं वर केली. उघडून पाहिलं, तर तिसऱ्याचेच दात झिजलेले. तेलकट हातांनीच मिस्त्री तिच्या मशीनपाशी गेले आणि पुटपुटले, "तू आहेस म्हणून आहे मी."

मशीन खडखडत होतं. "काय म्हणालात?"

एरवी ते 'काही नाही' म्हणून वळले असते. त्या दिवशी ते पुन्हा म्हणाले, इतक्या मोठ्याने की टॅक्सीवालाही आत डोकावला.