दारावर एक गणपती लावा

"अच्छा, आणि कुलदैवत कोणतं तुमचं?" साहेबांनी माझ्या बापाला विचारलं.

टेबलावर फ्लॅटचा नकाशा उघडा होता. दुसरा मजला, पूर्वेची बाल्कनी. बापाचं बोट त्या बाल्कनीवर होतं. लग्नाकार्यात घालायचा कोट चढवून तो लखनऊच्या मानक नगरातल्या रेल्वे क्वार्टरमधून शहरातल्याच महानगर भागात आला होता, मी जिथे टायपिस्ट होते त्या बिल्डरच्या ऑफिसात. गाव सांगून झालं होतं. जिल्हा सांगून झाला होता. आता कुलदैवत.

बापाला माझ्या आधी कळलं. त्यानं बोट उचललं आणि सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध आहोत साहेब."

साहेबांचा चेहरा बदलला नाही. हे मी मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं अपमान करणारा डोळे वटारतो. नाही. साहेब हसले. छान छान म्हणाले. चहा घ्या म्हणाले. आणि बोलता बोलता नकाशाची घडी घालू लागले. मग त्यांना आठवलं की हा फ्लॅट एका बँकेतल्या गृहस्थांना तोंडी दिलेला आहे. शेजारचाही दिलेला आहे. वरचाही. मागे नाल्याच्या बाजूला चौकीदारांसाठी खोल्या बांधल्यात, तिथे काही निघालं तर बघू. बाप म्हणाला, बघतो. चहा तसाच ठेवून उठला. जिना उतरतानाचे त्याचे बूट मला मशीनवर बसून ऐकू येत होते.

बाप रेल्वेत फिटर. रिटायरमेंट तोंडावर आलेली. ती झाली की क्वार्टर खाली करायचं. वर्ध्याकडच्या गावात आमचं काही उरलं नव्हतं, भिंतसुद्धा नाही. सगळी नोकरी लखनऊत गेली, तर म्हातारपण इथेच काढू, एवढं साधं गणित. त्या फ्लॅटवर माझ्या आईनं मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. शहर भराभर बदलत होतं. कपूरथला चौकात काचेच्या दुकानांची रांग लागली होती. बँका घरासाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या. तेलीबागेकडे पेरूच्या बागा तोडून प्लॉट पडत होते, आमच्या साहेबांची इमारतही तशाच एका बागेवर उभी राहत होती. बागेत झोपड्या बांधून राहणारी माणसं नाल्यापलीकडे ढकलली गेली आणि त्यांच्याच बायका साइटवर झाडू मारायला येऊ लागल्या. ऑफिसात भिंतीवर इमारतीचं रंगीत चित्र होतं. कारंजं, मोटार, फुगे घेतलेली पोरं. चौकाचौकात निळे झेंडे लागत होते आणि आत, पंख्याखाली, कुलदैवत विचारलं जात होतं.

साहेब मूळचे पुण्याकडचे. इमारतीचा एक भाग त्यांनी मराठी लोकांसाठी काढला होता. बँकेतले, सैन्यातले, एअरफोर्समधले. आपली माणसं एकत्र राहिली पाहिजेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला त्यांनी नोकरी दिली ती आडनाव ऐकून. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. असलं आडनाव कुणाचंही असू शकतं, पण साहेबांनी त्यांच्या सोयीचा अर्थ काढला. अरे वा, आपलीच की, म्हणाले. टायपिंगची परीक्षासुद्धा घेतली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

कुणी गाव विचारलं की बाप लहानपणापासून बजावायचा, "पोरी, तो गाव नाही इचारत, जात इचारते." मी हसायचे. बापाचा जुना संशय. इथे लिफ्टची इमारत होतेय, कर्जावर घरं मिळताहेत, कोण विचारतंय? सिमेंटला कसली जात?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लोटून घे म्हणाले. मी सावध झाले. ते म्हणाले, मी स्वतः हे काही मानत नाही. गिऱ्हाईक विचारतं, धंदा आहे, काय करणार. तुझे वडील सज्जन आहेत, पण इतकं स्पष्ट बोलायची गरज नव्हती. मी मान हलवली नाही. ताकास तूर लागू दिली नाही.

मग त्यांनी मधाचं बोट पुढे केलं. तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला मिळू शकतो. तोंडी दिलेला होता ना कुणाला? तो गृहस्थ एका रात्रीत नाहीसा झाला होता.

"फक्त दारावर एक गणपती लावा. बास. आडनावावरून कुणाला काय कळतंय?"

आणि आणखी एक. रविवारी मराठी कुटुंबं साइट बघायला येतात. त्यांना मी फिरवायचं. बोलता बोलता गाव विचारायचं, कुलदैवत विचारायचं, आणि साहेबांना सांगायचं. पगार वाढेल. माझ्यासारख्या मुलीला लोक मोकळेपणानं सांगतात, असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्यासारखी म्हणजे कशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

म्हणजे जो प्रश्न बापाला विचारला, तोच आता बापाच्या पोरीनं दुसऱ्यांना विचारायचा. आणि मोबदल्यात घर.

घरी सांगितलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "एक फोटोच तं लावाचा हाय. डोक्यावर छप्पर येते." मला तिचा राग आला. पण तिनं सगळं आयुष्य सरकारी भिंतीत काढलेलं, जिथे खिळा ठोकायलाही साहेबाला विचारावं लागतं. तिचं चूक म्हणायला माझी जीभ वळेना. बाप म्हणाला, "मी माह्यं सांगून आलो. आता तुझं तू पाहय."

मी पाहिलं. सगळीकडून उलटसुलट करून पाहिलं. आज गणपती. उद्या शेजारणीनं पूजेला बोलावलं की काय सांगायचं? बुद्धाची तसबीर कुठल्या पेटीत ठेवायची? मामा जिन्यातूनच जयभीम म्हणत वर आला, तर धावत जाऊन त्याचं तोंड दाबायचं? घर असं मिळणार होतं की त्यात आम्ही सोडून कुणीही राहिलं असतं.

रविवारी साइटवर एक मिनीबस भरून माणसं आली. एक रिटायर्ड सुभेदार होते, साताऱ्याकडचे, बायको बरोबर. साहेबांनी लांबून मला डोळ्यानं खुणावलं. यांच्यापासून सुरू कर.

मी सुरू केलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मी बौद्ध आहे. माझ्या बापाला या साहेबांनी इथे घर नाकारलं. आणि तुमची जात विचारून घ्यायला मला नेमलंय. मी विचारणार नाही."

वाटलं होतं, निदान कुणीतरी साहेबांना जाब विचारेल. एका बाईनं पदर सारखा केला. एकानं विचारलं, पाणी चोवीस तास येतं का. साहेब तसेच हसत होते, मुलगी जरा हळवी आहे, म्हणत होते.

सुभेदार माझ्याजवळ आले. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "पोरी, आम्ही फक्त फ्लॅट बघायला आलोय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. मला शपथेवर सांगता येणार नाही, पण त्या क्षणी वाटलं, या माणसानं आपल्या दारावर गणपती केव्हाच लावलाय. माझ्यावर जो प्रसंग आठवडाभर आला, तो यांच्यावर जन्मभर आलाय. त्यांच्यावर मी चिडले नाही. पण तसं म्हातारं व्हायचं नाही, हे तिथेच, विटांच्या ढिगाशेजारी उभं राहून ठरवलं.

नोकरी गेली. फ्लॅट गेला. बाप रिटायर झाल्यावर आम्ही भाड्याच्या एका खोलीत गेलो. आई माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतं बोलत होती. इमारत पुरी झाली, कारंजंही बसलं. त्याचा मला त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पश्चात्ताप मात्र होत नाही.

तेव्हापासून कुणी म्हणालं की शहर सुधारतंय, की माझे कान टवकारतात. मी विचारते. ही जमीन कुणाच्या पायाखालची होती? ती माणसं कुठे घालवली? आणि नव्या फाटकातून कुणाकुणाला परत पाठवणार आहात? उत्तर गोड आलं की आणखी विचारते.

मला घर हवंय. आजही हवंय. पण मी घेईन ते माझं सगळं सांगून, पुढच्या दारानं घेईन. नाही म्हणालात, तर तुमच्या उद्घाटनाच्या मांडवात येऊन, माइकसमोर उभी राहून, का नाही ते विचारीन. गप्प बसायची किंमत म्हणून दिलेलं घर तुम्हीच ठेवा.