चादरीची मागची बाजू

एका हाताने तव्यावरची पोळी उलटायची आणि दुसऱ्याने नवऱ्याचा, अजितचा, डबा भरायचा, अशी नम्रताची सकाळ चालली होती. तेवढ्यात टकटक झाली. काळाचौकीच्या चाळीत दिवसा दार उघडंच असतं; चौकटीवर टकटक करतं ते बाहेरचं माणूस. बघते तर गिरगावच्या कलादालनाची दर्शना. खाली टेम्पो उभा करून आलेली.

"नम्रताताई, दुपारी येणार होते, पण टेम्पो आत्ताच मिळाला. चादर नेऊ ना?"

"ने की. आधी चहा घे."

शाळेत चित्रकला शिकवणारी नम्रता एके काळी रंगांनीच चित्रं काढायची. लग्न होऊन या एका खोलीत आली आणि ओला कॅनव्हास वाळवायला जागा उरली नाही. सासूबाई, मीराबाई, दादरच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावायच्या. त्यांच्याशेजारी बसता बसता हिच्या हातात सुई आली, ती कायमची. मग जुन्या चादरींवर चाळीतल्या बायका उमटू लागल्या. "हे भरतकाम झालं, चित्र कुठंय?" असं एका सामूहिक प्रदर्शनात एका गृहस्थांनी विचारलं, तेव्हा ही म्हणाली, "बायकांचं काम दिसलं की तुम्हाला चित्र दिसत नाही का हो?" गृहस्थ पुढच्या चित्राकडे सरकले.

आता तिचं एकटीचं पहिलं प्रदर्शन होतं आणि दालनातली मोठी भिंत या चादरीसाठी राखली होती. तिच्यावर चाळीच्या गॅलरीत बसलेल्या बायका: कुणी तांदूळ निवडतेय, कुणी बटण लावतेय, कुणी पुस्तक धरून बसलीय. प्रत्येकीच्या हातातून एक रंगीत दोरा खाली लोंबत सोडलेला. घरातून हाक आली आणि बाई काम टाकून उठली, तो हा दोरा. सगळं चित्र त्या दोऱ्यांत होतं.

दर्शनाने घडी उलगडली आणि चादरीवरून हात फिरवला.

"ताई, दोरे कुठे गेले?"

एकही नव्हता. प्रत्येक हाताशी नीट मारलेली गाठ, बस्स.

"मी कापले," मोरीतून हात पुसत येत मीराबाई म्हणाल्या. "तू नळावर गेलीस तेव्हा. केवढे लोंबत होते! एक दोरा दिसला तरी दादरचा शेठ साडी परत पाठवायचा. म्हटलं, घाईत राहिलं असेल, लोक नावं ठेवतील पोरीला."

"आई, मुद्दाम ठेवले होते."

"अर्धवट काम मुद्दाम ठेवतं का कुणी?"

"बाई मधेच उठली ना. अजित रडला की तुम्ही नाही उठायचात?"

मीराबाईंनी एक गाठ चाचपून पाहिली. "मग सांगायचं नाही होय गं आधी? आता काय करायचं?"

"दुसरी एखादी चादर?" दर्शनाने हळूच विचारलं.

नम्रताने चादर हातात घेतली आणि उलटी केली. भरतकाम आधी पाठीमागून बघायचं, हे तिला सासूनेच शिकवलेलं. मागे एकीच्या कुंकवाचा लाल दोरा न तुटता दुसरीच्या बांगड्यांत गेलेला, तिथून तिसरीच्या पदरात. पुढे सुट्या सुट्या बसलेल्या बायका मागे एकमेकींत पार गुंतलेल्या.

"हे बरे वाचले?"

"तेही कापणार होते," मीराबाई पुटपुटल्या. "तेवढ्यात तू हंडा घेऊन आलीस."

नम्रताला हसू फुटलं. मग दर्शनालाही.

"हीच ने," नम्रता म्हणाली. "पुढून शेठला हवं तसं झालंय, होऊ दे. खाली नावं दोघींची टाक, गाठी आईंच्या आहेत."

"माझं कशाला मेलं..." म्हणत मीराबाईंनी चादरीची कड सारखी केली.

"आणि एवढं एकच कर. ही भिंतीवर लावू नकोस. खोलीच्या मधोमध टांग, लोकांना मागे जाऊन बघता येईल अशी."