ड्रम जरा कमी

दूध उतू जाईल म्हणून मी गॅसपाशी खांब होऊन उभी होते, आमचे हे शर्टाचं बटण तुटल्याचा दोष मला देत होते, आणि दार वाजलं. दोन बोटांनी, मध्येच एक ठोका गाळून. म्हणजे माझे धाकटे दीर. ड्रम वाजवून वाजवून या माणसाला दारसुद्धा सरळ वाजवता येत नाही.

भाऊजींचा उभा जन्म दुसऱ्यांच्या मागे बसण्यात गेला. हॉटेलात, जहाजावर, कुणाकुणाच्या कार्यक्रमांत. गायक पुढे, दिवे पुढे, भाऊजी मागे. पन्नाशी उलटली, मनगटं कुरकुरायला लागली, तेव्हा कुठे स्वतःचा अल्बम करायला घेतला. सोल आणि जॅझ या पाश्चात्त्य संगीताचा मेळ. चाली यांच्या, वादक यांनी जमवलेले, वर नावही यांचंच.

आत आले ते खुर्चीत कोसळलेच.

"झोपला नाहीत वाटतं?"

"मिक्सिंग चाललंय, वहिनी, कुणाचा आवाज किती ठेवायचा ते. आज दुपारी शेवटचा हात. कंपनीकडे गेलं की संपलं, मग बदल नाही. तुम्ही ऐका जरा. तुमचं यात कुठलंच वाद्य नाही, म्हणून म्हणतो."

मी गॅस बंद केला, हात पुसले आणि हेडफोन कानाला लावले. गाणं खरंच सुरेख होतं.

"छान आहे. पण भाऊजी, तुम्ही कधी सुरू होता?"

"पहिल्यापासून वाजवतोय की!"

मी पुन्हा ऐकलं. लांब कुणीतरी चादर झटकावी तसं काहीतरी येत होतं खरं.

आमच्या ह्यांना हसू आवरेना. "लग्न याचं आणि वाढपीही हाच!"

भाऊजी हसले नाहीत. मग एकेक बाहेर आलं. सॅक्सोफोनवाला म्हणाला, माझं जरा उठू दे. सगळंच वाढवलं तर नुसता कल्लोळ, म्हणून भाऊजींनी स्वतःचे ड्रम कमी केले. मग बास गिटारवाला रुसला, आणखी कमी. गाणारी म्हणाली, दादा, माझे शब्द कळत नाहीत, आणखी कमी. अल्बमचे मालक भाऊजीच, तेव्हा त्यांची बाजू घ्यायला दुसरं कोण असणार?

"मग आज वाढवा की! अडवलंय कुणी?"

"काल वाढवलं होतं. सगळ्यांची तोंडं उतरली. सॅक्सोफोनवाल्याने चहाला हात लावला नाही. मीच परत खाली आणलं." त्यांनी मनगट चोळलं. "पुढच्याच्या आड यायचं नाही, एवढंच शिकलो आजवर. आणि या हातांत आता दुसरा अल्बम नाही, वहिनी. याच्यात ऐकू आलो तर आलो."

"मी येतो चल," आमचे हे म्हणाले.

"तू नको दादा, तू भांडशील."

मग भाऊजी खाली बघतच, दमलेल्या आवाजात मला म्हणाले, "वहिनी, दुपारी स्टुडिओत माझ्या शेजारी येऊन बसा. ड्रम कमी करायला मी हात पुढे केला, की तुम्ही नको म्हणा."