सरूबाईचा दात आणि यशवंतमामांची पेन्सिल

श्री. यशवंत भिकाजी यांची साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. त्यांनी देवळासाठी उपसलेले कष्ट, मराठी वर्गांसाठी केलेली पायपीट, मंडळाच्या भांडणांत दाखवलेला संयम, या सगळ्यावर जाणती मंडळी लिहिणारच आहेत. मला संपादकांनी बजावून सांगितले, "बाई, तुम्ही आठवणी लिहा, पण सिनेमाचं फार नको." आता यशवंतमामांविषयी लिहायचे आणि सिनेमाचे नको, म्हणजे गणपती बसवायचा आणि मोदक नको म्हणायचे! संपादकांनी मला माफ करावे.

मामांची आणि माझी पहिली भेट आमच्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या माएबूर्ग गावी, थिएटरच्या दारात झाली. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. मी नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते. वर चढावरच्या नुव्हेल फ्रांस गावी आमची भाजीची शेती. माएबूर्गच्या सोमवारच्या बाजारात भाजी विकून झाली की माझी काशीआत्या मला ओढत सिनेमाला न्यायची. थिएटरच्या दारात तिकिटे फाडायला उभे असत ते यशवंतमामा. पांढरा सदरा, एका हातात टॉर्च आणि कानावर पेन्सिल. त्यांच्या मागच्या भिंतीवर नटनट्यांची पेन्सिलने काढलेली चित्रे ओळीने लावलेली होती. जुन्या पोस्टरच्या कोऱ्या पाठीवर ते स्वतः ती काढत. आत्याने तिकीट पुढे करायच्या आधी एका नायिकेच्या चित्राकडे बोट केले.

"काय रे, हिच्या गालावरचा तीळ कुठं गेला?"

"ठेवला नाही, आत्याबाई."

"का म्हणून? एवढा मोठा तीळ दिसतो पडद्यावर!"

"मी चाहता आहे, पोलीस नाही," मामा म्हणाले. "आपल्या माणसाचे डाग कोण दाखवतं?"

आत्याला हे उत्तर मुळीच पटले नाही. आत जाऊन बसल्यावरही ती अर्धा सिनेमा तिळावर बोलत राहिली, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी आम्हाला दोनदा गप्प केले. पण ओळख झाली ती झालीच.

मामा चित्रकला कुणाकडे शिकले, असे विचारले तर ते पडद्याकडे हात करतात. एकच सिनेमा आठवडाभर रोज पाहायचा, दाराशी उभ्या उभ्या एक एक चेहरा मनात उतरवायचा आणि सकाळी घरी काढायचा, ही त्यांची रीत. सावली द्यायला कागदाची घट्ट सुरळी करून ती पेन्सिलीच्या भुकटीत घोळवत. खोडायला दुकानातले रबर त्यांना कधी चालले नाही. ताज्या लांब पावाचा मऊ गाभा काढून, बोटांनी मळून त्याची गोळी करत आणि तिने अलगद पुसत. मामींची तक्रार असे की घरात पाव आणला की खायला फक्त कवच उरते.

माएबूर्गच्या पोरापोरींना ही चित्रे हवीच असत. मामा फुकट देत, पण अट एक. चित्राखाली नटाचे नाव घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने नागरीत लिहायचे. आमची मुले घरी मराठी ऐकत आणि इथल्या क्रिओल बोलीत उत्तर देत, अक्षरओळख तर दूरच. माझ्या मराठीच्या वर्गाला महिनोन्महिने चारपाच टाळकी येत होती. मामांनी ही अट घातली आणि बाकडी भरली. एक दांडगा मुलगा तर "प्र" कसा काढायचा हे विचारायला माझ्या घरी आला, कारण त्याच्या लाडक्या खलनायकाच्या नावात तो होता. मी मामांना म्हटले, "तुम्ही माझं काम हलकं केलंत." ते म्हणाले, "मास्तरीणबाई, मला बरं वाटतं. नाव लिहिलं की चित्र त्यांचं होतं, माझं राहत नाही."

हे सगळे झाले त्यांच्या कार्याविषयी. आता मी आमच्या घरातली गोष्ट सांगते. खरे तर ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला होकार दिला.

माझी आई सरस्वती, गावाची सरूबाई, माझी धाकटी बहीण शांता रांगत होती तेव्हा गेली. तिचा एकच फोटो होता, तो वादळात छपराबरोबर गेला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. मला आई आठवते ती पाठमोरी, चुलीपुढे बसलेली. चेहरा आठवायला गेले की निसटतो. शांताला तर तेवढेही नाही. तिचे लग्न ठरले. आमच्या घरात हळदीच्या दिवशी नवरी घरच्या गेलेल्या माणसांच्या फोटोला हळदकुंकू वाहून नमस्कार करते. तयारीची बोलणी चालली असताना शांता एकदम म्हणाली, "मी नमस्कार कोणाला करू? खिळ्याला?" आणि नेहमीसारखी तोंडावर हात ठेवून हसली. आम्हाला कोणाला हसू आले नाही.

मी मामांकडे गेले. ते घाबरलेच. "अहो, मी बघितलेल्या माणसाचं चित्र काढतो. सरूबाईंना मी कधी बघितलं नाही." मग कानावरची पेन्सिल काढून बराच वेळ फिरवत राहिले आणि म्हणाले, "पण तुम्ही बघितलंय, आत्याबाईंनी बघितलंय. आणि तुम्ही मला ओळखीच्या चेहऱ्यांवरून सांगू शकता."

थिएटरच्या सुट्टीच्या दिवशी ते बसने वर आले. आमच्याकडे नेहमीचा भुरभुर पाऊस होता. चित्रांची गुंडाळी त्यांनी सदऱ्याखाली धरली होती. आल्या आल्या त्यांनी सगळ्या नट्या आमच्या ओसरीवर मांडल्या. आमच्या भागात नटनट्यांना नावाने कोणी ओळखत नसे. डोळेवाली, खळीवाली, झुलपंवाला, सिगारेटवाली, अशी ओळख. मामांनी नवा, दोन्ही बाजूंनी कोरा कागद काढला. पोस्टरची पाठ का नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "सरूबाईंच्या पाठीला दुसऱ्या कोणाचा चेहरा नको."

"कपाळ सांगा," ते म्हणाले.

"डोळेवालीचं," आत्या म्हणाली. "पण जरा अरुंद कर."

"नाक?"

मी म्हटले खळीवालीसारखे. आत्या उसळली. "अय्यो, काय तरीच! नाक सिगारेटवालीचं होतं."

"आत्या, माझी आई सिगारेटवालीसारखी?"

"नाक म्हटलं मी, सिगारेट न्हवं!"

असे दुपारपर्यंत चालले. हनुवटीवरून तर आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली. बा, म्हणजे आमचे वडील, बाहेर पडवीत बटाटे निवडत बसले होते. ते जन्मात सिनेमाला गेले नव्हते. या सगळ्या प्रकाराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. एकदा मात्र बसल्या जागेवरून म्हणाले, "गेलेल्या माणसाचा खेळ मांडलाय."

तिसऱ्या प्रहरी चित्र झाले. काय सांगू, इतके सुरेख! शांता बघतच राहिली. मला वाटले, जमले. आत्या चित्र हातात घेऊन उजेडाला गेली, डोळे बारीक केले, आणि मान हलवली.

"पा ली सा," ती क्रिओलमध्ये पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "ही ती न्हवं रे यशवंता. लय देखणी झाली. आमची सरू एवढी देखणी न्हवती."

मामांचा चेहरा उतरला. शांता घाईने म्हणाली, "असू दे मामा. मला चालेल. मला हीच आई आवडली."

"पोरी, तुला चालेल, मला नाही चालायचं," मामा म्हणाले. मी त्यांना इतके गंभीर कधी पाहिले नव्हते. "सिनेमातल्या बाया मी भिंतीवर लावतो. हिच्या तू पाया पडणार आहेस."

ते उठले आणि बाहेर जाऊन बाच्या शेजारी बसले. बटाटे निवडू लागले, किडका इकडे, चांगला तिकडे. मी आणि शांता दाराशी उभ्या होतो. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "दादा, माझी खोड आहे. चेहरा आवडला की मी त्यातलं वाकडंतिकडं सरळ करून टाकतो. सरूबाईंचं वाकडं काय होतं, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मला वाटले, आता बा चिडणार. पण ते हातातल्या बटाट्याची माती पुसत राहिले. मग म्हणाले,

"दात. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. लाजायची त्याला. हसू आलं की पदर तोंडावर. आईसमोर, भावकीत, माझ्यासमोरसुद्धा. किती बारी म्हटलं, हस गं मोकळी, कोण खातंय तुला. न्हाई हसली. गेली तरी न्हाई." बटाटा बाजूला ठेवून ते म्हणाले, "तेवढं बघायचं राहिलं माझं."

मामा आत आले. पावाचा गाभा मळला आणि त्या सुंदर चित्राचे मिटलेले ओठ पुसून टाकले. मग त्यांनी ओठ जरासे उघडे काढले, हसू फुटतानाचे, आणि त्यात तो दात काढला, जरा तिरका, शेजारच्यावर चढलेला. नंतर गाल थोडे बदलले, डोळ्यांखाली एक रेघ दिली. आत्या बघत होती. एकदम तिने स्वतःच्या तोंडावर हात मारला.

"सामेम!" ती ओरडली. "हीच! हीच गं बाई माझी! दात कसा विसरले मी मेली?"

आत्याचा आवाज ऐकून बा दारात आले, मातीचे हात तसेच. चित्रासमोर उभे राहिले. शेवटी आम्हाला कोणाला नव्हे, स्वतःशीच म्हणाले,

"बघ. घेतला तिनं पदर खाली."

आणि मग माझे लक्ष शांताकडे गेले. तिचा हात नेहमीसारखा तोंडावर होता. तिचाही पुढचा दात शेजारच्यावर चढलेला. लहानपणापासून आम्ही तिला त्यावरून चिडवले होते. लग्नाआधी क्युरपिपच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन तो काढून टाकायचा, हेही आत्याने पक्के केले होते. शांता चित्राजवळ गेली, खाली बसली, आणि तिने हात खाली घेतला.

"हा आईचा आहे होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माझाच काहीतरी दोष."

त्यानंतर आमच्या ओसरीवर जे रडणे झाले ते इथे लिहीत नाही. मामाही रडले, आणि मग त्यांनी नियमाप्रमाणे पेन्सिल शांताच्या हातात दिली. तिने खाली नागरीत "सरस्वती" लिहिले. "स्व" जरा वाकडा आला. मामांनी तो पुसू दिला नाही. हळदीच्या दिवशी शांताने त्या चित्राला नमस्कार केला. डॉक्टरकडे ती गेलीच नाही. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरामुलगा घाबरलेला आहे आणि नवरी तोंडभर हसते आहे, दातासकट.

पुढच्या सोमवारी आम्ही सिनेमाला गेलो, तर भिंतीवरच्या त्या नायिकेच्या गालावर तीळ आला होता. आत्याने तो बोट लावून तपासला आणि मगच तिकीट दिले.

ऐंशीच्या दशकात घरोघरी व्हिडिओ आला आणि थिएटर बंद पडले. मामांचे दार गेले. लोकांना वाटले, आता चित्रेही थांबतील. उलट मामांकडे माणसे येऊ लागली, ज्यांच्या घरी खिळे होते आणि फोटो नव्हते. पार बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या रिव्हिएर दू रांपारपासून लोक येत. मामा सगळ्यांना तोच प्रश्न विचारतात, "वाकडं काय होतं ते आधी सांगा." परवा त्यांच्या पुतण्याने कचेरीत नवा आलेला संगणक दाखवायला त्यांना नेले. पडद्यावर चित्र काढता येते, एका बटणाने पुसता येते, हे पाहून मामा हरखले. तासभर बसून त्यांनी एक नाक काढले. घरी येऊन म्हणाले, "यंत्र झकास आहे. शिकणार मी. आणि पाव लागत नाही, तेव्हा तुमची मामी खूश." साठीला नवे यंत्र शिकायला निघालेल्या माणसाला वयाचे काय सांगायचे?

मामा, आमच्या घरावरचे तुमचे उपकार मी फेडायच्या भानगडीत पडत नाही. बा आता थकले आहेत, पण अजून रोज सकाळी चहा घेताना खुर्ची त्या खिळ्यावरच्या चित्राकडे तोंड करून ठेवतात. देवाने तुम्हाला उदंड आयुष्य द्यावे, नजर अशीच तीक्ष्ण ठेवावी, हात स्थिर ठेवावा. हे मी नुसते तुमच्यासाठी मागत नाही, त्यात आमचा स्वार्थ आहे. शांताच्या मुलीचे दुधाचे दात पडून आता नवे आले आहेत. पुढचा एक शेजारच्यावर चढलाय. ती आरशासमोर उभी राहून तो सगळ्यांना दाखवत सुटते आणि म्हणते, माझं चित्र यशवंतमामाआजोबाच काढणार. खाली लिहायला तिने आपले नाव नागरीत गिरवायला घेतले आहे.