शनिवारच्या सौनाची पाळी

फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या आमच्या इमारतीचं संकेतस्थळ वरच्या मजल्यावरच्या इल्पोनं बनवलं. "पान खाली सरकवलं की पुढचं आपोआप यावं," असं त्याला मीच बजावलं होतं. तळघरातल्या सौनाची, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीची, पाळी नोंदवायचं बटण त्यानं पानाच्या अगदी तळाशी ठेवलं. शनिवारचा सौना चुकला की माझा आठवडा फुकट. पण तळ दिसतो न दिसतो तोच आणखी जुन्या सूचना नि तक्रारी उगवायच्या आणि बटण खाली पळायचं. बोट दुखल्यावर मी जिना चढलो.

"इल्पो, तळ कधी येणार रे?"

"तुझ्या तक्रारी संपल्या की, ओस्मो! अकरा वर्षांच्या साठल्या आहेत. आत्ता कुठे 'सौनात कोण रेकतं?' इथवर पोचलायस."

तोवर सगळ्या पाळ्या भरल्या होत्या.

"माझ्या पाळीत ये," तो म्हणाला. "पण रेकणारा मीच आहे हं."