माझं काम मनाली सांगते

विमानतळाच्या दारात आईने माझी ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "रोज काय केलंस ता माका सांग. समाजला नाय तरी चलात." वाकोल्याच्या आमच्या खोलीवरून दिवसभर विमानं जायची. त्यातल्या एकात मी बसणार याचं तिला हसू येत होतं आणि रडूही.

मनाली, तेव्हा माझ्या भावाशी तुझं लग्न अजून व्हायचं होतं.

इथे जर्मनीत, लॅबमध्ये मी नायोबियम नावाचा धातू आणि तांबं यांचे थर एकाआड एक चढवते, केसाहून कितीतरी पातळ. प्रचंड थंड केले की त्यांतून वीज जराही न अडता वाहते. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की हा गुण मरतो. क्षेत्र थरांना समांतर असलं तर बराच तग धरतो, थरांवर उभं असलं तर लवकर मान टाकतो. हे मी आईला फोनवर सांगत राहायचे आणि ती नुसतं "हां, हां" करायची. ते "हां, हां" माझं होतं.

मग तुमचं लग्न झाल्यावर एकदा तिने विचारलं, "आज चुंबक आडवो लावलंस काय उभो?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण लगेच तिच्याकडूनच कळलं, फोनवरचं माझं बोलणं ऐकून, पदरावर पदर चढवत सातकाप्याचं घावन करताना तू तिला समजावलं होतंस. घावन एक धातू, मधलं गूळखोबरं दुसरा. चुंबकाची सुरी पदरांमधून सरकवली तर घावन शाबूत, वरून दाबली तर सगळे पदर कापले.

माझा जळफळाट झाला. मी हट्टाने त्यात चूक शोधली. क्षेत्र फारच वाढवलं तर समांतर असूनही काही उरत नाही, असा मेसेज तुला टाकला. तू लिहिलंस, "ओके ताई, आईंना सांगते." आणि सांगितलंसही.

गणपतीत घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी तोंड उघडलं, तोच आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू गप रव गो. मनालीक सांगांदे." तू झकास सांगितलंस. मला तुझा राग आला, आजही येतो.

आईच्या गोळ्या, तिचा स्वयंपाक, तिची भांडणं, सगळं तुझ्याकडे आहे. माझ्याकडे तेवढा एक फोन होता.

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी अजून वाकोलाच सांगते. पण हल्ली फोन लावून कामाचं बोलायला लागले की आई म्हणते, "थांब हां, मनालीक हाक मारतंय."

आणि मी थांबते.